पिस्तूल नसलेल्या घरातली होल्स्टरं

आमच्या घरात पिस्तूल कधीच नव्हतं. पिस्तूल राहू द्या, भाजी चिरायच्या सुरीला धार लावून आणली तरी अम्मा दोन दिवस तिच्याकडे संशयाने बघायची. पण पिस्तूल कमरेला अडकवायची चामड्याची होल्स्टरं मात्र आमच्याकडे इतकी होती, की मागच्या व्हरांड्यातल्या दोरीवर माझ्या ओढण्यांना जागा मिळत नसे. एका टोकाला अम्माच्या साड्या, दुसऱ्या टोकाला अप्पांचे पंचे, आणि मधे ओळीने टांगलेली, नुकती रंगवलेली, तांबूस तपकिरी होल्स्टरं. टी. नगरच्या साड्यांच्या दुकानांमागे आमची गल्ली होती. खालून जाणारा एखादा नवखा माणूस सहज वर बघायचा आणि मग चालायचा वेग वाढवायचा. अम्मा म्हणायची की आमच्याकडे चोर आला नाही तो देवाच्या कृपेने नव्हे, त्या दोरीमुळे.

अप्पा संरक्षण खात्याच्या एका कारखान्यात नोकरीला होते, पण हिशेबाच्या खोलीत. कारखान्यात नेमकं काय बनतं हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं आणि त्यांनी कधी विचारलंही नाही. ते तिथल्या माणसांच्या रजा मोजायचे. होल्स्टरचा नाद त्यांना लहानपणी लागला. माउंट रोडच्या थिएटरात इंग्रजी घोडेस्वारांची चित्रं लागत, तेव्हा सगळी पोरं बंदुकीकडे बघत आणि हा एकटा मुलगा कमरपट्ट्याकडे बघत असे. निवृत्तीला पाचसहा वर्षं उरल्यावर ते एकदा पेरियमेटच्या चामडेबाजारात गेले, झाडाच्या सालीत कमावलेल्या जाड चामड्याचे तुकडे वजनावर घेऊन आले, आणि आमच्या घराची शांतता कायमची गेली. कुणी विचारलं की ते म्हणत, आम्ही तंजावरचे मराठे, आमचे पूर्वज फौजेबरोबर इकडे आले, तलवारी गेल्या पण म्यानं करायची कला बोटांत राहिली. यावर अम्मा स्वयंपाकघरातून न चुकता म्हणायची, "फौजेबरोबर आले ते लिव्हायला आले. तुमच्या घरात टाकापेक्षा धारदार काही नव्हतं."

अम्मा म्हणायची ते खरं असावं, कारण अप्पांना साधं फळ चिरताना भीती वाटे. पण चामडं कापायची रापी हातात आली की तो माणूसच वेगळा. चामड्यावर कागदाचा नमुना ठेवून ते श्वास रोखून एका ओढीत कापायचे. मग आरीने सारख्या अंतरावर भोकं पाडायची, मेण लावलेल्या एकाच दोऱ्याच्या दोन टोकांना दोन सुया ओवायच्या, आणि दोन्ही बाजूंनी एकाच भोकातून त्या आरपार काढत शिवत जायचं. शिवून झालं की कडा घोटायच्या. हे काम सगळ्यात लांबलचक. कडेला पाणी आणि मेण लावून लाकडाच्या गोल तुकड्याने घासत राहायचं, घस् घस् घस्, इतकं की चामडं गरम होऊन त्याचा वास सुटतो आणि कड शेवटी जुन्या पाटाच्या काठासारखी गुळगुळीत होते. समोरच्या घरात मृदंगाचा वर्ग चालायचा, आणि तिथल्या सरांची तक्रार होती की आमच्याकडचं घासणं त्यांच्या पोरांचा ताल चुकवतं. अप्पांची उलट तक्रार होती की पोरं त्यांची कड बिघडवतात.

चामड्याला शेवटी तेल पाजावं लागतं. त्याचं खरं तेल वेगळं असतं म्हणे, पण अप्पांनी स्वयंपाकघरातलं तिळाचं तेल लांबवलं, तेच ज्यात आम्ही इडलीची पूड कालवायचो. त्यामुळे आमच्या होल्स्टरांना इडलीपुडीचा वास येई आणि मुंग्या लागत. अम्माने व्हरांड्याच्या उंबऱ्याशी रोज सकाळी कोलम, म्हणजे तिकडची रांगोळी, काढताना एक जाडशी जादा रेघ ओढायला सुरुवात केली. चामडं त्या रेघेच्या अलीकडे येणार नाही, आणि अप्पांचे हात साबणाने धुतल्याशिवाय येणार नाहीत. आयुधपूजेच्या दिवशी ती रापी, आरी आणि सुया यांना हळदकुंकू लावायची, लिंबू कापायची, नमस्कारही करायची. पण रेघेच्या आत उभी राहून, हात लांब करून. अप्पांनी हा तह कुरकुर न करता मान्य केला होता. मला वाटतं, त्यांना स्वतःचं असं काही राज्य हवंच होतं, मग ते पाच फूट रुंदीचं का असेना.

अडचण एकच, गिऱ्हाईक कुठून आणायचं. विकायचं नव्हतंच, पण कुणीतरी खऱ्या कमरेला लावावं एवढी त्यांची इच्छा होती. खालच्या मजल्यावर एक निवृत्त पोलीस इन्स्पेक्टर राहायचे, अप्पा मोठ्या आशेने त्यांच्याकडे गेले. त्यांनी सगळी होल्स्टरं उलटीपालटी करून पाहिली आणि टॉर्चसाठी एखादं करून मिळेल का विचारलं. टॉर्चसाठी केलं. मग कात्रीसाठी, चष्म्यासाठी, छत्रीसाठी झालं. एकदा तर अप्पा अम्माच्या विळीचं माप घेताना सापडले आणि त्या दिवशी आम्हाला सांबार अळणी मिळालं. पिस्तुलाच्या होल्स्टरसाठी त्यांनी आंब्याच्या लाकडाचं एक पिस्तूल कोरलं होतं, काळं रंगवलेलं. चामडं निवडताना ते जवळ हवं म्हणून एकदा पिशवीतून बसने नेलं. पिशवी जुनी, तिचा तळ उसवला. टी. नगरच्या बसमध्ये अप्पांना बसायला जागा मिळाली असा तो आयुष्यातला एकमेव दिवस.

आता अक्काबद्दल सांगते. सुगुणा माझी थोरली बहीण, बँकेत नुकती लागलेली, दिसायला शांत, केसांत रोज मल्लिपूचा, म्हणजे मोगऱ्याचा, गजरा, आणि आतून एक नंबरची नकलाकार. भेटलेलं माणूस दारातून बाहेर पडलं की ते अक्काच्या अंगात शिरायचं. मृदंगाचे सर, इन्स्पेक्टर, भाजीवाली, आमचे मामा, कुणी सुटलं नाही. अम्मा दटावायची की मुलीच्या जातीला हे शोभत नाही, आणि दटावता दटावता पदर तोंडात कोंबायची. परक्यासमोर मात्र अक्का मान वर करत नसे. म्हणून तिच्यासाठी स्थळं बघायला लागले तेव्हा येणारे लोक तिला फार गरीब समजायचे.

मिलिंदचं स्थळ अप्पांच्या ऑफिसातल्या कुणीतरी सांगितलं. मुलगा शोळिंगनल्लूरला सॉफ्टवेअरमध्ये, घर पेरुंगुडीला, आईवडील दोन वर्षांपूर्वीच पुण्याकडून मुलाजवळ राहायला आलेले. खरे मराठी, असं तो सांगणारा म्हणाला, आणि अम्माला ते लागलं. म्हणजे आम्ही कोण. आमच्या घरातली मराठी जुनी, तमिळ चालीवर डोलणारी. 'सगळं'ला आम्ही 'अस्कं' म्हणायचो, 'नको'ला 'नोको', आणि वाक्य अडलं की तमिळचा आधार घ्यायचो. माझं तर अर्धंअधिक बोलणं तमिळच होतं. तरी अम्माने ठरवलं की त्यांच्या पद्धतीने पोहे करायचे. ते कसे करतात हे तिला ठाऊक नव्हतं, विचारायला कमीपणा वाटत होता, म्हणून तिने पोह्यांचं तिला जे ठाऊक होतं ते केलं: चिंचेचा कोळ, लाल मिरच्या, हिंग आणि भरपूर तिळाचं तेल. शिवाय आमच्याकडच्या मुलगी बघण्याच्या रिवाजाप्रमाणे सोज्जी आणि बज्जी होतीच. सोज्जी म्हणजे शिरा, पण केशरी रंगाचा आणि तुपात पोहणारा; बज्जी म्हणजे भजीच.

शनिवारी संध्याकाळी ते आले. आईवडील पेरुंगुडीहून ऑटोने, मिलिंद ऑफिसातून परस्पर. मुलाच्या आई कुमुदताई, पुण्यात शाळेत मराठी शिकवून निवृत्त झालेल्या. खुर्चीवर त्या अशा ताठ बसल्या की आम्ही सगळेही आपोआप सरळ झालो. वडील बाजूला बसले आणि शेवटपर्यंत एक शब्द बोलले नाहीत. अम्मा म्हणाली, आणखी घ्या, नोको म्हणू नका, तर कुमुदताई गोड हसून म्हणाल्या, "'नोको' नाही हं, 'नको'." अप्पांनी फौजेची गोष्ट सुरू केली, त्यात त्यांनी अप्पांची दोन क्रियापदं दुरुस्त केली. मग पोह्यांची बशी हातात घेऊन त्यांनी बराच वेळ तिच्याकडे पाहिलं, हे पोहे आहेत का असं विचारलं, एक चमचा खाल्ला, ठसका लागला, आणि पाणी पिऊन "असतील" एवढंच म्हणाल्या. अम्माचा चेहरा पडला. मिलिंदने ते पाहिलं. त्याचे डोळे तिखटाने भरून आले होते, नाक लाल झालं होतं, तरी त्याने बशी पुढे करून आणखी मागितले. एकदा नाही, दोनदा. मी दारामागे अक्काजवळ उभी होते. अक्काने माझं मनगट इतकं घट्ट धरलं की बांगडी रुतली.

आणि मग मिलिंदचा मोबाइल वाजला. त्या काळात मोबाइल कमरेला लावायची पद्धत होती, आणि मिलिंदचा होता रेक्झिनच्या पाऊचमध्ये. त्याने झाकण ओढलं, 'चर्र' असा आवाज झाला, आणि अप्पांच्या चेहऱ्यावर अशी वेदना उमटली की मला वाटलं त्यांना उचकी लागली. त्यानंतर त्यांनी मुलाला पगार विचारला नाही, नोकरी विचारली नाही, काही विचारलं नाही. फोन दोनतीन दिवस माझ्याकडे ठेवाल का, एवढंच विचारलं. चामड्याची गोष्ट दहा मिनिटं समजावून सांगितली. कुमुदताईंनी मुलाकडे असं पाहिलं की दुसरा कुणी असता तर फोन छातीशी धरून पळाला असता, पण मिलिंदने पाऊच काढून अप्पांच्या हातात दिला. उद्या रविवारच आहे, नंतरचं ऑफिसात भागवीन, म्हणाला. बंद करून देऊ का असंही त्याने विचारलं, तर अप्पा म्हणाले, चालूच असू दे, चालू वस्तूचं वजन वेगळं पडतं. ते लोक निघाले. जाताना कुमुदताई म्हणाल्या, "कळवतो." मुलीच्या घरचं कुणीही सांगेल, या शब्दाचा अर्थ बहुतेक वेळा एकच असतो.

मिलिंदच्या फोनचं होल्स्टर हे अप्पांच्या आयुष्यातलं पहिलं असं होतं, जे खऱ्या माणसाच्या खऱ्या कमरेला लागणार होतं. पेरियमेटहून आणून दोन वर्षं जपून ठेवलेला चामड्याचा एकुलता एक निर्दोष तुकडा त्यांनी काढला. रविवारी सकाळी जेवणाआधी शिवून तयार. खालच्या बाजूला बोट घालून फोन वर ढकलता यावा म्हणून एक गोल भोक ठेवलं. मग खरं काम. शिवलेलं चामडं कोमट पाण्यात बुडबुडे थांबेपर्यंत भिजवायचं, फोन दुधाच्या धुतलेल्या पिशवीच्या प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून आत सरकवायचा, आणि ओलं चामडं बाहेरून बोटांनी, मग हाडाच्या नाहीतर कशाच्या तरी गुळगुळीत टोकाने दाबून दाबून आतल्या वस्तूवर बसवायचं. अप्पा त्यासाठी दात घासायच्या जुन्या ब्रशची दांडी वापरायचे. आमच्या घरात ब्रश जुना व्हायच्या आधीच नाहीसा व्हायचा. असं बसवलेलं चामडं दोन दिवस तसंच वाळू दिलं की ते त्या वस्तूचा आकार कधी विसरत नाही. वाळायच्या आत वस्तू काढली तर सगळं फुकट, चामडं भिजलेल्या पापडासारखं लोळतं.

जेवणानंतर आम्ही तिघी व्हरांड्याच्या दाराला लागूनच आत बसलो होतो, कालच्या उरलेल्या बज्ज्या गरम करून घेऊन. अप्पा रेघेपलीकडे पाटावर, पाठ आमच्याकडे, गुणगुणत, दांडीने एकेक बटण उठावदार करण्यात गढलेले. कुठल्याही होल्स्टरमध्ये बंदुकीचा घोडा बाहेरून दिसावा तसा यात फोनचा एकूणएक आकडा दिसला पाहिजे, असा त्यांचा हट्ट होता. दाबत होते, पुसत होते, परत दाबत होते. आणि आत अक्काच्या अंगात कुमुदताई शिरल्या.

तिने पदर दोन्ही खांद्यांवरून घेतला, माझा चष्मा नाकाच्या टोकावर लावला, आणि स्टुलाला पाठ नसतानाही अशी ताठ बसली की मी आधीच हसून लोळले. "'नोको' नाही हं, 'नको'. म्हणा बघू सगळ्यांनी." मग बज्जी दोन बोटांत धरून, उजेडाकडे करून, "ह्या बज्ज्या आहेत? असतील." मग ठसका. ठसका तर तिने तीन प्रकारचा करून दाखवला: साधा, पुणेरी, आणि निवृत्त शिक्षिकेचा. शेजारच्या रिकाम्या खुर्चीकडे वळून, "अहो, तुम्ही काही बोलू नका, तुमचं चुकेल." अम्मा हसायचं नाही म्हणून भिंतीकडे तोंड करून बसली होती आणि तिची पाठ गदगदत होती. मी आज इतक्या वर्षांनी सांगते, तशी नक्कल मी पुन्हा कधी पाहिली नाही. सबंध बाई तिथे होती, फक्त ती अंगाने अक्का होती.

मग हसू ओसरलं आणि अम्मा डोळे पुसून गंभीर झाली. मुलगा बरा आहे, ती म्हणाली, पण ही सासू जन्मभर परीक्षा घेईल. तोंड उघडलं की लाल शाई. लग्न करून शाळेत कोण जातं. तसाही तिकडून नकारच येणार, आपणच आधी नोको म्हणून टाकू, म्हणजे आपला मान तरी राहील. अक्काने चष्मा काढून माझ्या हातात दिला. तिचा आवाज आता तिचा स्वतःचा होता.

"मला तो आवडला अम्मा," ती म्हणाली. "डोळ्यांत पाणी आलं तरी तुझ्या तोंडाकडं बघून परत वाढून घेतलं त्यानं. असा कुठं मिळतो? नोको म्हणू नोको."

आणि त्या बाईचं काय, असं अम्माने विचारलं.

"त्यांच्याशी मराठी बोलायला ह्या गावात कोण अहे? म्हणून सापडेल त्याला दुरुस्त करत सुटतात. मी बोलेन की. मी चुकेन, त्या दुरुस्त करतील, दोघींचा वेळ जाईल."

तेवढ्यात अप्पांचं गुणगुणणं थांबलं. ते पाटावरून उठले, ओल्या चामड्यातला तो फोन ओंजळीत प्रसादासारखा धरून उंबऱ्यापर्यंत आले, कोलमच्या रेघेपाशी सवयीने थांबले, आणि चेहऱ्यावर मी कधी न पाहिलेला भाव आणून मला, म्हणजे घरातल्या धाकट्या 'पाप्पा'ला, हळूच म्हणाले, "पाप्पा, हे चामडं बोलतंय."

आम्ही कान दिला. त्या ओल्या चामड्यातून, बारीक पण अगदी स्वच्छ मराठीत, एकेका अक्षराला त्याची त्याची जागा देत आवाज आला, "बराच वेळ ऐकते आहे. आता ठेवते."

झालं होतं असं, हे नंतर मिलिंदने समजावलं. त्याच्या फोनवर हिरवं बटण दोनदा दाबलं की शेवटचा लावलेला नंबर लागायचा. शनिवारी ऑफिसातून निघताना त्याने घरी फोन करून, आता तुम्ही निघा, असं आईला सांगितलं होतं. तोच शेवटचा नंबर. अप्पांनी हिरवं बटण किती वेळा उठावदार केलं ते त्यांनाच माहीत. आणि बोट घालायला ठेवलेलं ते गोल भोक नेमकं फोनच्या बोलायच्या जागेवर आलं होतं. दुसरा कुणी कमी निष्णात माणूस असता, चार बटणं सोडून दिली असती, भोक जरा वाकडं पाडलं असतं, तर आमच्या घरावर तो प्रसंग आला नसता. अप्पांच्या हातून काम नको इतकं अचूक झालं आणि त्याने घात केला.

पुढचे दोन तास कठीण गेले. अम्माने एकदा फक्त कोलमकडे बघून, चामडं घरात येऊ नोको म्हणून सांगत होते, एवढं म्हटलं. अक्का मोरीत जाऊन तोंड धुऊन आली, परत गेली, परत आली. अप्पा व्हरांड्यात फोनकडे बघत बसले होते. घोटायचं सोडा, त्याला हात लावायचाही धीर त्यांना होत नव्हता. आमचा घरचा फोन वाजेल आणि तो नकार असेल, याची आम्ही वाट बघत होतो. तो वाजला नाही. पाचच्या सुमाराला खाली ऑटो थांबली आणि आधी कुमुदताई उतरल्या, मग मिलिंद, मग ते न बोलणारे वडील. नकार सांगायला कुणी तिघं येतं का, असं मी म्हणाले. मोबाइल न्यायला येतात, अम्मा म्हणाली, आणि नकार द्यायला आलेल्या माणसांसाठी रवा वाया घालवायचा नाही म्हणून तिने फक्त कॉफीचं भांडं चढवलं.

कुमुदताई कालच्याच खुर्चीवर तशाच ताठ बसल्या. फोन कुठे आहे, हा त्यांचा पहिला प्रश्न. अप्पा तो घेऊन उंबऱ्याशी आले. तोवर चामडं अर्धंच वाळलं होतं, आणि खरंच सांगते, त्यांच्या हातून झालेलं सगळ्यात सुंदर काम होतं ते. बाहेरून आकडे वाचता येत होते. अप्पांनी एकदा त्याच्यावरून अंगठा फिरवला. "आत्ता काढला तर आकार जाणार," ते म्हणाले. मग अक्काकडे पाहिलं, आणि म्हणाले, "पण तुमची वस्तू तुम्हाला. काढतो." त्यांनी खालच्या भोकात बोट घातलं. मी तोंड फिरवलं. अप्पांसाठी फिरवलं की अक्कासाठी ते मला अजून सांगता येत नाही.

"वाळायला किती वेळ लागतो?" कुमुदताईंनी विचारलं.

परवा संध्याकाळपर्यंत, अप्पा म्हणाले.

"मग राहू द्या. परवा आम्ही येऊ तेव्हा नेऊ. साखरपुड्याचं बोलणंही तेव्हाच करू." आणि कुणाला काही बोलायची उसंत न देता त्या अक्काकडे वळल्या. "पण आधी ते सगळं माझ्यासमोर करून दाखव. फोनमधून नुसतं ऐकू येत होतं. दिसत नव्हतं."

अक्का पांढरीफटक पडली. मिलिंद जमिनीकडे बघत होता आणि त्याचे खांदे हलत होते. स्वयंपाकघरात कॉफी उतू गेल्याचा वास आला. शेवटी अक्काने पदर दोन्ही खांद्यांवरून घेतला, माझ्याकडे चष्म्यासाठी हात केला, आणि अडखळत सुरुवात केली; पण 'असतील'पर्यंत पोचता पोचता तिला तिची लय सापडली. कुमुदताई एकदाही हसल्या नाहीत. मधे मधे थांबवून दुरुस्त करत होत्या. 'असतील' म्हणताना मी मान हलवत नाही, भुवई उचलते. ठसका छातीतून नाही, घशातून. 'चुकेल'मधला च नीट. अक्का दुरुस्ती घेऊन पुन्हा करत होती, पहिल्यापेक्षा चांगलं. आणि ती रिकाम्या खुर्चीऐवजी खऱ्याखुऱ्या वडिलांकडे वळून "अहो, तुम्ही काही बोलू नका" म्हणाली, तेव्हा तो मुका माणूस असा हसत सुटला की मिलिंदला त्यांच्या पाठीवर थापट्या माराव्या लागल्या. हसता हसता ते आमच्या घरातलं त्यांचं पहिलं वाक्य बोलले, "अगदी अशीच आहे."

स्वयंपाकघरातून रवा भाजल्याचा वास आला. अम्माने सोज्जी करायला घेतली होती.

तोवर कुमुदताई उठून व्हरांड्याच्या दाराशी गेल्या, अप्पांच्या हातातून ते होल्स्टर घेतलं, आणि नीट दिसावं म्हणून सरळ आत, ट्यूबलाइटखाली घेऊन आल्या. कोलमच्या रेघेवरून, दिवसाढवळ्या. अम्मा तुपाची वाटी घेऊन दारात आली, तिने ते पाहिलं. आम्ही तिघंही तिच्याकडे बघत होतो. तिने वाटी खाली ठेवली, "सेरी", म्हणजे बरं, म्हणाली आणि सोज्जी वाढायला लागली. दुसऱ्या दिवशीच्या कोलममधे ती जादा रेघ नव्हती.

तो फोन कधीच भंगारात गेला; पुढे फोनला बटणंच राहिली नाहीत, आणि कमरेला फोन लावणारी माणसंही गेली. अप्पाही गेले. त्यांची रापी माझ्याकडे आहे, आयुधपूजेला मी तिला कुंकू लावते, रेघेशिवाय. मी ही जी मराठी लिहिते आहे ती मला कुमुदकाकूंनी शिकवली, दर रविवारी अक्काच्या पेरुंगुडीच्या घरी, लाल शाईने. अक्काला मात्र त्या आजवर शिकवू शकल्या नाहीत, तिने शिकायचं नाही असं ठरवलंच होतं. कुमुदकाकू आता फार थकल्या आहेत. कानाला यंत्र आहे, ते काढून ठेवलं की हरवतं, म्हणून त्याची डबी त्या कमरेला लावतात, अप्पांच्या त्या होल्स्टरमध्ये. ती त्यात खुळखुळते, कारण चामडं अजून फोनचाच आकार धरून बसलं आहे. हिरव्या बटणाच्या जागी बोट फिरवलं तर आजही उंचवटा लागतो. गेल्या महिन्यात मी गेले तेव्हा अक्का स्वयंपाकघरात माझ्यासाठी त्यांची नक्कल करत होती, हळू आवाजात, सवयीने. बाहेरच्या खोलीत त्या खुर्चीवर ताठ बसल्या होत्या. आम्ही हसलो ते त्यांना दिसलं असावं. त्यांनी डबी काढली, यंत्र कानाला लावायचा दोनदा प्रयत्न केला, बोटं ऐकेनात. मग ते मांडीवर ठेवून म्हणाल्या,

"सुगुणा, इकडे समोर येऊन कर. आणि जरा मोठ्याने. मला ऐकू येत नाही."